काँग्रेसचे संस्थापक ह्यूम ज्वालामुखीच्या बेटांवर कशासाठी गेले होते? खान्देशातल्या रानपिंगळ्याशी त्यांचा संबंध काय?

अंदमानला गेलेल्या नाशिककरांची पहिली धाव असते ती सेल्युलर जेलकडे. भगूरच्या सावरकर बंधूंमुळे ते साहजिकच आहे. पण याच समुद्रात, जेलपासून बरीच दूर, ज्वालामुखीतून तयार झालेली दोन बेटे आहेत : बॅरन आणि नारकोंडम. १८७३च्या मार्च महिन्यात निसर्ग अभ्यासकांची एक तुकडी जहाजाने या बेटांकडे गेली. सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू व्हायला तेव्हा वीसहून अधिक वर्षे अवकाश होता.

या तुकडीचे प्रमुख होते भारत सरकारचे एक सचिव, अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेच्या इतिहासात ते एका ओळीत येतात : १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसच्या स्थापनेसाठी पुढाकार घेणारे निवृत्त इंग्रज अधिकारी. त्याआधीची त्यांची पस्तीस वर्षे मात्र फारशी कोणाला माहीत नसतात. मिठावरचा कर वसूल करणारे काटेरी कुंपण, दुष्काळ, सरकारशी भांडण आणि हजारो मेलेले पक्षी असे सगळे त्या काळात आहे. शिवाय नाशिक विभागातल्या एका छोट्या घुबडाची गोष्टही त्यांच्यापासूनच सुरू होते.

ह्यूम भारतात कसे आले?

ह्यूम यांचा जन्म १८२९चा. वडील जोसेफ ह्यूम ब्रिटिश संसदेतले गाजलेले सुधारणावादी सदस्य होते. सरकारी खर्चातला पैसा न् पैसा तपासायचा, ही त्यांची ख्याती. मुलाने हेलीबरीच्या कॉलेजात शिक्षण घेतले, लंडनमध्ये वैद्यकीचे काही धडे गिरवले आणि १८४९ मध्ये तो बंगाल सनदी सेवेत दाखल झाला.

नेमणूक मिळाली आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात. तिथे त्यांनी मोफत प्राथमिक शाळांचा धडाका लावला. १८५७ पर्यंत १८१ शाळा आणि ५,१८६ विद्यार्थी झाले. त्यात मुली फक्त दोन होत्या, हेही नोंदीत आहे.

त्याच वर्षी उठाव झाला. ह्यूम इंग्रजांच्या बाजूने लढले, त्यांना इटावा सोडून आग्र्याला पळावे लागले आणि पुढे फौज घेऊन ते परतले. कामगिरीबद्दल १८६० मध्ये किताबही मिळाला. पुढच्या आयुष्यामुळे त्यांना थेट स्वातंत्र्यसैनिकांच्या रांगेत बसवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. मात्र राज्य बंदुकीवर फार काळ टिकत नाही, लोकांचे म्हणणे ऐकण्याची काहीतरी सोय हवी, हे त्यांचे मत इटाव्याच्या अनुभवातून तयार झाले, असे त्यांच्या पुढच्या लिखाणावरून दिसते. इटाव्यात आजही ह्यूमगंज नावाचा बाजार आहे.

मिठाच्या कुंपणाचा अधिकारी

१८६७ ते १८७० या काळात ह्यूम यांच्याकडे सीमाशुल्क आयुक्तपद होते. तेव्हा सिंधूपासून महानदीपर्यंत, सुमारे ३,७०० किलोमीटर लांबीची एक जकात-रेषा आखलेली होती. स्वस्त मीठ पलीकडून अलीकडे येऊ नये एवढ्यासाठी. या रेषेवर जवळपास १२,००० माणसे पहारा देत होती.

रेषेच्या काही भागात वाळक्या काटेऱ्यांचा बांध होता. तो वाळवी खाई, वारा उडवून नेई. ह्यूम यांनी त्याऐवजी जिवंत झाडांचे कुंपण वाढवण्यावर भर दिला. कोणत्या मातीत कोणते काटेरी झुडूप तगते, पाणी कुठून आणायचे, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. ज्या कराविरुद्ध साठ वर्षांनी गांधीजी दांडीला चालत गेले, त्याच कराची राखण काँग्रेसच्या संस्थापकाने इतक्या मन लावून केली होती. ही जकात-रेषा १८७९ मध्ये मोडीत निघाली.

पक्ष्यांचा नाद कुठून लागला?

नोकरीच्या सुरुवातीपासूनच ह्यूम पक्षी जमवत होते. दुर्बीण आणि कॅमेऱ्याचा तो काळ नव्हे. पक्षी अभ्यासायचा म्हणजे तो मारायचा, कातडी सोलून आत भुसा-कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवायचा. आज हे वाचताना कसेसेच होते, पण कोणता पक्षी कोणत्या जातीचा हे ठरवण्याचा दुसरा मार्ग तेव्हाच्या अभ्यासकांकडे नव्हता.

त्यांनी शिमल्यात जाखू टेकडीवर रॉथनी कॅसल नावाचे घर घेतले आणि तिथे खासगी संग्रहालय उभे केले. १८७२ मध्ये स्ट्रे फेदर्स, म्हणजे विखुरलेली पिसे, या नावाचे पक्षीविषयक नियतकालिक सुरू केले. देशभरातले कलेक्टर, लष्करी अधिकारी, रेल्वेतले इंजिनीअर त्यात नोंदी पाठवत. कोणी कातडी धाडे, कोणी अंडी, कोणी नुसती यादी. आजच्या भाषेत सांगायचे तर टपालावर चालणारा हा डेटाबेस होता आणि त्याचा सर्व्हर शिमल्याच्या एका घरात. बॅकअप मात्र कुठेच नव्हता. ते पुढे महागात पडले.

१८७३ची सफर काय होती?

ह्यूम यांना महसूल, शेती आणि व्यापार या नव्या खात्याचे सचिवपद दिले ते व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७१ मध्ये. पुढच्याच वर्षी, ८ फेब्रुवारी १८७२ रोजी, अंदमानच्या भेटीवर असताना मेयो यांची शेर अली आफ्रिदी या कैद्याने हत्या केली. ह्यूम यांचा सर्वांत मोठा पाठीराखा गेला. त्यानंतर वर्षभरानेच ह्यूम त्याच समुद्रात निघाले होते.

सोबत तीन नावाजलेले अभ्यासक होते. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे फर्डिनंड स्टोलिचका आणि व्हॅलेंटाइन बॉल, तसेच कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वूड-मेसन. एकजण पक्षी पाहणार, दोघे खडक, एकजण किडेमुंग्या आणि खेकडे. यातील स्टोलिचका पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखच्या डोंगरात वारले. बॉल यांचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

अंदमान, निकोबार आणि बंगालच्या उपसागरातली इतर बेटे असा त्यांचा फेरा होता. ह्यूम यांनी त्याचा सविस्तर वृत्तांत पुढच्या वर्षी स्ट्रे फेदर्समध्ये छापला.

बॅरन आणि नारकोंडममध्ये फरक काय?

दोन्ही बेटे एकाच प्रक्रियेची अपत्ये आहेत. भारतीय भूपट्ट या भागात पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो. खोल गेलेल्या खडकातले पाणी सुटते, त्यामुळे वरचा गरम थर वितळू लागतो आणि तो लाव्हा फटीतून वर येतो. इंडोनेशियातले ज्वालामुखी याच साखळीतले.

बॅरन म्हणजे उजाड. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे १४० किलोमीटरवर. समुद्रातून वर दिसणारी उंची साधारण साडेतीनशे मीटर, पण पाण्याखाली हा डोंगर दोन किलोमीटरच्या आसपास खोल जातो. आपल्याला दिसते ते फक्त टोक. बाहेर गोल कडा, ती पश्चिमेच्या बाजूला फुटलेली आणि आत मधोमध शंकू. लाव्हा त्या फुटीतून समुद्रात उतरतो, म्हणून होडी लावायची जागाही तीच. या ज्वालामुखीच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ची. १८३२ नंतर तो शांत होता, त्यामुळे १८७३ मध्ये ह्यूम यांच्या मंडळींना धगधगता लाव्हा पाहायला मिळण्याची शक्यता नव्हतीच. तो पुन्हा जागा झाला १९९१ मध्ये आणि तेव्हापासून अधूनमधून धूर-राख सोडतोच आहे. २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो जहाजावरून पाहिला.

नारकोंडम त्याच्या उत्तरेला. आकार सात चौरस किलोमीटरहून थोडा कमी, उंची मात्र ७१० मीटर. नाव नरककुंडावरून आल्याचे सांगतात, पण बेटावर दाट जंगल आहे आणि लिखित इतिहासात इथे उद्रेकाची नोंद नाही. नरकाचे नाव खरे तर शेजारच्या बॅरनचे असावे, नकाशात कुठेतरी अदलाबदल झाली, असाही एक तर्क आहे.

नाशिकच्या वाचकाला लाव्हा परका नाही. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, अंकाई-टंकाई आणि साल्हेरचे कडे ज्याचे बनले, तो बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच. फरक कारणात आहे. दख्खनचा लाव्हा भूपट्टाखालच्या एका उष्ण ठिकाणातून आला. भारत उत्तरेकडे सरकला, ते ठिकाण मागे राहिले आणि आज तिथे हिंदी महासागरातले रियुनियन हे ज्वालामुखी बेट आहे.

या सफरीतून हाती काय लागले?

सर्वांत मोठी गोष्ट नारकोंडमवर मिळाली. अंजिरांनी लगडलेल्या झाडांवर एक धनेश दिसला. नराचे डोके-मान तांबूस, मादी पूर्ण काळी, शेपटी पांढरी. ह्यूम यांनी १८७३ मध्येच त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हा नारकोंडम धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. शेजारच्या अंदमानातही नाही. धनेशाचे सर्वांत जवळचे नातलग म्यानमारच्या बाजूला.

बाकी धनेशांप्रमाणे याची मादीही ढोलीत स्वतःला कोंडून घेते. तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते आणि अंडी उबवून पिल्ले वाढेपर्यंत नर त्या फटीतून फळे भरवतो. तो मेला तर आतल्या सगळ्यांचे जगणे धोक्यात. अलीकडच्या अभ्यासांत बेटावर हजाराच्या आसपास पक्षी असल्याचे आढळले आहे. एका जातीची जगातली सगळी लोकसंख्या, आणि जागा नाशिक शहराच्या एखाद्या उपनगराएवढी.

म्हणूनच तटरक्षक दलाने तिथे रडार बसवण्याचा प्रस्ताव आणला तेव्हा वाद झाला. २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने तो नाकारला. २०१४ मध्ये सरकार बदलल्यावर त्याला हिरवा कंदील मिळाला. सीमेची सुरक्षा महत्त्वाची आहेच, पण सात चौरस किलोमीटरमध्ये प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक तोडलेले झाड मोजावे लागते. पोलीस चौकीसाठी आणलेल्या बकऱ्यांनीही या जंगलाची रोपे खाऊन नुकसान केले होते. बॅरन आणि नारकोंडम ही दोन्ही बेटे आता अभयारण्ये आहेत. बॅरन पाहायचे तर पर्यटकांना ते जहाजातूनच पाहावे लागते.

ह्यूम एवढ्यावर थांबले नाहीत. १८७५ मध्ये ते लक्षद्वीपच्या सफरीवर गेले, १८८१ मध्ये मणिपूरला. मणिपूरमध्ये मिळालेल्या एका सुंदर फेझंटला त्यांनी पत्नी मेरी यांचे नाव दिले.

सरकारशी बिनसले कशावरून?

शेतीसाठी वेगळे खाते हवे, त्यात शेतीची जाण असलेली माणसे हवीत, शेतकरी सावकाराच्या कचाट्यातून सुटला पाहिजे, असे ह्यूम वारंवार लिहीत. प्रत्यक्षात त्यांचे खाते महसूल गोळा करण्याचेच राहिले. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनसह दक्षिण भारतात लाखो माणसे मेली. त्या काळात व्हॉइसरॉय होते लॉर्ड लिटन. त्यांच्या धोरणांवर ह्यूम यांनी उघड टीका केली. १८७९ मध्ये त्यांचे सचिवपद काढून घेतले आणि त्यांना अलाहाबादला धाडले. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

कागद रद्दीत गेले म्हणजे काय झाले?

निवृत्तीनंतर भारतातल्या पक्ष्यांवर एक सर्वंकष ग्रंथ लिहायचा, ही त्यांची योजना होती. पंचवीस वर्षांच्या नोंदी, टिपणे, हस्तलिखिते रॉथनी कॅसलमध्ये रचून ठेवलेली होती. ह्यूम हिवाळ्यात खाली गेले असताना एका नोकराने ती सगळी शिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. परत आल्यावर ह्यूम यांच्या हाती काहीच उरले नव्हते.

त्यानंतर त्यांनी पक्ष्यांचा विषय जवळपास सोडला. त्याआधी त्यांना थिऑसॉफीची ओढ लागली होती, ते शाकाहारी झाले होते आणि पक्षी मारणेही त्यांना नकोसे वाटू लागले होते. १८८५ मध्ये त्यांनी आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. म्युझियमचे बोडलर शार्प स्वतः शिमल्याला आले. सुमारे ८२,००० नमुने, त्यात ६३,००० पक्षी आणि उरलेली बहुतेक अंडी. ४७ मोठ्या पेट्या भरल्या. याशिवाय २०,००० नमुने आधीच कीड लागून गेले होते.

रद्दीत गेलेला ग्रंथ मात्र कोणालाच पुन्हा लिहिता आला नाही.

काँग्रेस आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

पक्ष्यांच्या पेट्या ज्या वर्षी लंडनला गेल्या, त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर १८८५ रोजी, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, सरचिटणीस ह्यूम. अधिवेशन पुण्याला व्हायचे होते, पण तिथे कॉलऱ्याची साथ आल्याने ते मुंबईला हलवले. त्याची सुरुवात दोन वर्षे आधी झाली होती, जेव्हा ह्यूम यांनी कोलकाता विद्यापीठाच्या पदवीधरांना खुले पत्र लिहून देशासाठी पुढे येण्याचे आवाहन केले होते.

लोकांचा असंतोष फुटू नये म्हणून इंग्रजांनीच काँग्रेस नावाची वाफ सोडण्याची झडप बसवली, हा सेफ्टी व्हॉल्व्हचा सिद्धांत आजही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत भेटतो. बिपन चंद्र यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो खोडून काढला आहे. दादाभाई, तेलंग, फिरोजशहा मेहता अशी मंडळी आपापल्या प्रांतांत आधीपासून संघटना चालवत होती. त्यांना एका छताखाली आणणारा आणि सरकारला लगेच बंद पाडता येणार नाही असा माणूस हवा होता. ह्यूम तसे होते. शिवाय झडपेचा उपयोग बॉयलर टिकवण्यासाठी असतो, आणि काँग्रेसने पुढे काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे. ह्यूम यांना स्वतःला मात्र इंग्रजी राज्य संपावे असे वाटत नव्हते, ते सुधारावे असे वाटत होते.

देशभर पत्रे पाठवणे, माहिती मागवणे, ती छापून पुन्हा सगळ्यांना धाडणे हे काम त्यांना नवे नव्हते. पक्ष्यांसाठी त्यांनी हेच तर केले होते.

१८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले. तिथे वनस्पतींचा नाद लागला आणि १९१० मध्ये त्यांनी साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

मग रानपिंगळ्याचे काय?

नारकोंडम धनेशाचे वर्णन ज्या १८७३च्या खंडात आले, त्याच खंडात ह्यूम यांनी आणखी एका पक्ष्याची जगाला ओळख करून दिली. आजच्या छत्तीसगडमधून एफ. आर. ब्लेविट यांनी पाठवलेले हे छोटे, बसके घुबड. शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव आले. मराठीत तो रानपिंगळा.

दुसरा नमुना १८७७ मध्ये ओडिशाच्या खरियार भागात मिळवला तो व्हॅलेंटाइन बॉल यांनी. ज्वालामुखीच्या बेटांवर ह्यूम यांच्यासोबत असलेले हेच ते बॉल. त्यानंतरचे नमुने मिळाले पश्चिम खान्देशात. तिथले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरात ते टिपले आणि तिथल्या पक्ष्यांची लांबलचक यादीही स्ट्रे फेदर्समध्ये छापली. १८८४ नंतर मात्र रानपिंगळ्याचा पत्ता लागेना.

एक धागा होता : ब्रिटिश सैन्याधिकारी रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचे सांगितलेला नमुना. अभ्यासक त्यामुळे तिकडे शोधत राहिले. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तर तो डेव्हिडसन यांचाच निघाला. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. चिठ्ठी खोटी ठरल्यावर खऱ्या जागांची यादी छोटी झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडच्या जागांवर फिरले. हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या जंगलात, एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता. तब्बल ११३ वर्षांनी.

शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, पुढच्या वर्षी नंदुरबार जिल्हा झाला. त्यानंतर रानपिंगळा जळगावच्या यावलमध्ये, मेळघाटात, ठाण्याच्या तानसा भागातही सापडला. तो दिवसा फिरतो, म्हणून दिसायला सोपा आणि मारायलाही. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि सातपुड्याच्या या पट्ट्यात जंगलाची जमीन शेतीखाली जात राहिली आहे. ह्यूम यांच्या संग्रहातले नमुने आज लंडनबाहेर ट्रिंग येथील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या कपाटांत ठेवलेले आहेत.